निरीक्षणगृहातील मुलाचे शिक्षण कसे टिकवावे

मूल निरीक्षणगृहात (गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात त्या संस्थेत) गेले की घरचे लोक प्रथम वकील शोधतात, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच आठवड्यात कोणीतरी त्याच्या शाळेतही जायला हवे. मुलाचे नाव पटावरून कमी करू नये, ही विनंती तेथे लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. बदनामी टळावी म्हणून ‘दाखला काढून न्या’ असा सल्ला बहुधा सद्भावनेनेच दिला जातो, पालकही संकोचापोटी तो मानतात, आणि जामिनावर मूल परत येते तेव्हा त्याला शाळाच उरलेली नसते. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकण्यास शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 16 ने मनाई केली आहे. नववी-दहावीसाठी मुख्याध्यापकांचे मन वळवावे लागते. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्या कोल्हापुरात हे फार अवघड जाऊ नये.

दाखला घेणे अटळच असेल, तर ‘वर्तणूक’, ‘शाळा सोडल्याचे कारण’ आणि ‘शेरा’ हे रकाने तेथेच उभे राहून वाचावेत. पोलीस, गुन्हा किंवा निरीक्षणगृह यांचा उल्लेख असल्यास, बाल न्याय अधिनियम, 2015 मधील गोपनीयतेच्या तत्त्वाकडे बोट दाखवून तो बदलून घ्यावा. त्याच खेपेस जन्मतारखेचा शाळेचा दाखलाही घ्यावा, कारण कलम 94 नुसार वय ठरवताना शाळेच्या किंवा दहावीच्या प्रमाणपत्रावरील तारखेला पहिले स्थान आहे. साडेसतरा वर्षांचा मुलगा कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात प्रौढांबरोबर राहतो की अठरा वर्षांखालील मुलांची प्रकरणे चालवणाऱ्या बाल न्याय मंडळापुढे येतो, हे या एका कागदावर ठरू शकते. वयाचा हा दावा कलम 9 प्रमाणे खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर करता येतो.

मुलाच्या घरची आणि शिक्षणाची स्थिती मंडळाला सांगणारा सामाजिक तपासणी अहवाल बहुधा परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) तयार करतात. त्यांना भेटून मुलाची इयत्ता, माध्यम, कच्चे विषय आणि परीक्षेच्या तारखा सांगाव्यात. ‘शिक्षण : चालू’ एवढ्या नोंदीवर समाधान मानू नये. संस्थेत मुलाला योग्य शिक्षण मिळावे, अशी तरतूद कलम 53 मध्ये आहे. परीक्षा जवळ आली असल्यास बाल न्याय मंडळाकडे साध्या कागदावर मराठीत अर्ज करावा : ‘माझा मुलगा इयत्ता दहावीत शिकत असून त्याची परीक्षा अमुक तारखेस सुरू होत आहे. त्यास पुस्तके व प्रवेशपत्र मिळावे, परीक्षा केंद्रावर नेण्याची व्यवस्था व्हावी, सोबतचे पोलीस साध्या वेशात असावेत आणि त्यास बेडी घालू नये, ही विनंती.’ शेवटच्या दोन गोष्टी नियमांतच आहेत, तरीही त्या अर्जात लिहाव्यात. सोबत येणारा शिपाई मंडळाचा आदेश वाचतो, नियमावली नव्हे.

शाळा आधीच सुटलेली असेल, तर दहावी-बारावीसाठी 17 नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येते; मुदत लवकर संपते, म्हणून तारखा आधीच पाहाव्यात. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या जिल्ह्यांचे विभागीय परीक्षा मंडळ कोल्हापुरातच आहे. अठरा पूर्ण केलेल्या आणि कोठडीत असलेल्या तरुणांसाठीही हाच मार्ग शक्य आहे. त्यासाठी कारागृह अधीक्षकांकडे अर्ज करावा.

अर्ज लिहिता येत नसेल किंवा वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; मुलांना आणि कोठडीतील व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक 15100 आहे, आणि मुलांच्या तक्रारींसाठी 1098. बाल न्याय मंडळाच्या आदेशाविरुद्ध 30 दिवसांत बालन्यायालयात अपील करता येते, आणि उच्च न्यायालयात जाण्याची वेळ आलीच तर 18 ऑगस्ट 2025 पासून त्याचे सर्किट बेंच (मुख्य पीठाबाहेर बसणारे पीठ) कोल्हापुरातच सुरू झाल्याने मुंबईची खेप वाचते.

प्रकरण निकाली निघाल्यावर कॉलेज प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी पोलिसांकडून चारित्र्य प्रमाणपत्र मागितले जाते, तेव्हा कलम 74 लक्षात ठेवावे : निकाली निघालेल्या प्रकरणातील मुलाची नोंद पोलिसांना अशा प्रमाणपत्रासाठी उघड करता येत नाही. ती उघड झाल्यास बाल न्याय मंडळाकडे लगेच लेखी तक्रार करावी आणि प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडावी.