दारामागची भाजी, बिनाऔषधाची

आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते पण पावसात चिकट होते अन् उन्हात भेगा पडतात, म्हणून आधी वाफ्यात चांगलं कुजलेलं शेणखत घाला, दोन-तीन घमेली तरी. कच्चं शेण नको, हुमणी (मुळं खाणारी अळी) होते.

भेंडी लावायची तर परभणी क्रांती लावा, आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचाच वाण आहे, केवडा रोगाला (पानं पिवळी पडतात तो) दाद न देणारा म्हणून काढलेला अन् हायब्रीड नसल्यामुळं घरचं बी धरता येतं. दोन झाडात फूटभर अंतर ठेवा. मेथी, पालक काय, विस्कटून टाकलं तरी उगवतं.

खरी गोष्ट पाण्याची. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात रोज पाणी कुठून घालणार, म्हणून बुडाशी सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड पसरा. दुपारी त्यात बोट खुपसून बघा, वर तापलेलं अन् खाली माती गार लागते, तसं असलं तर त्या दिवशी पाणी नकोच.

पान उलटून बघत जा, मावा ही रस शोषणारी कीड तिथंच बसते, हिरवे बारीक ठिपके अन् बोटाला चिकट लागतं. त्यासाठी जूनमध्ये निंबोळ्या वेचून सावलीत वाळवून ठेवा. लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम कुटून रात्रभर भिजवा, फडक्यानं गाळा, किंचित साबण घालून संध्याकाळी फवारा, उन्हात फवारलं तर गुण लवकर उतरतो.