जुन्या भिंतीवर जिप्सम बोर्ड मारताय? या चुका टाळा

जुन्या नाशकात आणि पंचवटीत जुन्या घरांची कामं करतो मी. दर दिवाळीआधी तोच फोन येतो, गिलावा पडतोय, पोपडे सुटलेत, वरून जिप्सम मारून द्या ना, दोन दिवसांत होईल. जिप्सम बोर्ड म्हणजे दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेले जिप्समचे तयार तक्ते. काम होतं दोन दिवसांत, पण आतली भिंत ओली असेल तर दोन पावसाळेही टिकत नाही.

ओल न बघता बोर्ड मारणं, ही सगळ्यात मोठी चूक. सुरुवातीच्या काळात मीही केलीये. पंचवटीत एका मावशींचं घर, तळमजला, दगडी जोतं, वर विटा आणि चुन्याचा गिलावा. मुलीचा साखरपुडा तोंडावर. भिंत हाताला कोरडी लागली कारण एप्रिल चालू होता, आणि मी गिलाव्यावरच चिकटवायच्या मसाल्याचे गोळे लावून बोर्ड चिकटवले. गणपतीत मावशींचा फोन, भाऊ घरात कुबट वास येतोय. बोर्ड काढला तर मागचा कागद काळा पडलेला, बुरशी, आणि गोळ्यांबरोबर गिलाव्याचे पापुद्रे निघून आलेले. जमिनीतली ओल विटांमधून वर चढते, चुन्याचा गिलावा ती हळूहळू बाहेर सोडत असतो, आणि आपण पुढे बोर्ड मारून तिचा रस्ताच बंद करतो. ते सगळं काम मी स्वतःच्या पैशाने परत केलं.

तेव्हापासून माझी सवय अशी, दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिक चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवायचं आणि दोन दिवस हात लावायचा नाही. मागच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर काम थांबवायचं, आधी वरच्या बाथरूमचा पाइप, गच्ची, बाहेरच्या गटाराचा उतार बघायचा. जमलं तर भिंत पावसाळ्यातच बघून ठेवा. आणि हिरवा बोर्ड लावला की झालं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, तो हवेतला दमटपणा सोसतो, भिंतीतून येणारं पाणी थांबवत नाही.

दुसरी चूक, बोर्ड ज्या फ्रेमवर स्क्रूने बसवतो तिचे प्लग, म्हणजे स्क्रू धरणाऱ्या गुट्ट्या, नुसत्या गिलाव्यात ठोकायची. बोटाच्या पेराने भिंत ठोकत जा, जिथे पोकळ आवाज येतो तिथला गिलावा विटेपासून सुटलाय, तो पाडायचाच. प्लग विटेत किमान दीड इंच गेला पाहिजे, नाहीतर सगळी फ्रेम त्या भुसभुशीत चुन्यावर लटकते. जुन्या भिंती ओळंब्यात नसतातच, म्हणून मी दोरी लावून सगळ्यात पुढे आलेला फुगवटा शोधतो आणि फ्रेम तिथून धरतो. यात अर्धा दिवस जातो, नवीन पोरांना तो वाया गेल्यासारखा वाटतो आणि मग जॉइंटवर पुट्टीचे थर चढवत बसतात.

बोर्ड फरशीला टेकवू नका, अर्धा इंच वर ठेवा, फरशी पुसताना पाणी ओढतो तो.

स्क्रू कागद फाडून आत गेला तर तो धरत नाही, शेजारी दुसरा मारा.

जॉइंटला टेप हवीच. श्रावणात पुट्टी सुकायला वेळ घेते, पंखा लावून घाई करू नका.

टीव्ही, किचनचं कपाट जिथे येणार तिथे मागे प्लायवूड आधीच टाका.

स्विचबोर्डचे डबे पुढे ओढून घ्या, वायरचा जोड बोर्डामागे गाडू नका. आणि बोर्ड बंद करायच्या आधी फ्रेम, वायर, पाइप यांचे मोजायची टेप धरून फोटो काढा, मी प्रत्येक भिंतीचे काढतो आणि घरमालकाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवतो, म्हणजे उद्या खिळा ठोकायचा झाला तर पाइप कुठे आहे ते कळतं.