ग्राहकांचे अभिप्राय वेबसाइटवर लावताना या चुका टाळा

छोट्या ऑनलाइन व्यवसायांच्या वेबसाइट तपासून देण्याचं काम मी करते. एका साइटवर तीन अभिप्राय होते आणि पहिल्याच्या शेजारी हसऱ्या माणसाचा फोटो. तोच चेहरा काही दिवसांपूर्वी मी दुसऱ्या साइटवर, दुसऱ्याच नावाने पाहिला होता. मालकाला विचारलं, तर तो म्हणाला, "अहो, अभिप्राय खरे आहेत. फोटो नव्हते, म्हणून डिझायनरने टाकले." त्याने ग्राहकांचे मूळ मेसेज काढून दाखवले. शब्द खरे होते, माणसंही खरी होती. एका उसन्या चेहऱ्याने त्या सगळ्यावर पाणी पडत होतं, याचं मला फार वाईट वाटलं.

ऑनलाइन घेणाऱ्याला वस्तू हातात घेऊन बघता येत नाही आणि विकणाराही समोर नसतो. पैसे आधी जातात, वस्तू मागाहून येते. तेवढ्या काळासाठी त्याला कुणाची तरी साक्ष हवी असते: माझ्यासारख्याच कुणी पैसे भरले होते, त्याचं पुढे काय झालं? अभिप्रायाने या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

साक्षीऐवजी कौतुक गोळा करणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. "प्लीज रिव्ह्यू द्या" एवढंच म्हटलं की समोरचा भिडेखातर "खूप छान, धन्यवाद" लिहून मोकळा होतो. अशी पन्नास वाक्यं लावली तरी वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

समजा, तुम्ही पाठीवरच्या सॅक विकता आणि एका ग्राहकाने लिहिलं, "अप्रतिम क्वालिटी, सर्वांनी जरूर घ्या." त्याच ग्राहकाला चार साधे प्रश्न विचारून बघा. घेण्याआधी मनात कसली धाकधूक होती? शेवटी घ्यायचं कशामुळे ठरलं? वापरताना काय लक्षात आलं? काही खटकलं का? मग उत्तर साधारण असं येतं:

"आधीच्या सॅकची चेन दोन महिन्यांत गेली होती, म्हणून पुन्हा ऑनलाइन घ्यायला मन धजावत नव्हतं. चेनचा जवळून काढलेला व्हिडिओ पाहिला आणि घेतली. आठ महिने रोज लॅपटॉप आणि दोन जाड पुस्तकं घालून वापरतोय, चेन अजून अडकलेली नाही. बाटलीचा कप्पा मात्र उथळ आहे, मोठी बाटली ठेवली की कलंडते."

यात कौतुकाचं एकही विशेषण नाही, तरी वाचणारा थांबतो, कारण चेनची धास्ती त्यालाही असते. बाटलीचं वाक्य काढून टाकायचा मोह प्रत्येक मालकाला होतो. ते काढू नका. उणीव सांगायला न कचरणारा माणूस चेनबद्दलही खरंच बोलत असणार, हा विश्वास त्या वाक्यामुळेच बसतो. आणि ज्याला मोठी बाटली ठेवायची आहे, तो आधीच सावध होतो. तुमचं एक रिटर्न वाचतं.

विचारायची वेळही यातच आली. पार्सल पोहोचल्या दिवशी विचारलं तर पॅकिंग आणि डिलिव्हरी यांबद्दलच ऐकायला मिळतं, कारण तोवर ग्राहकाने दुसरं काही पाहिलेलंच नसतं. सॅकसाठी दीड-दोन महिने जाऊ द्या, कोर्स असेल तर शिकलेलं एकदा तरी वापरून होऊ द्या. मेसेज छोटा ठेवा: "सॅक घेऊन सहा आठवडे झाले. रोजच्या वापरात काय पटलं, काय खटकलं, दोन ओळींत कळवाल का? जसं असेल तसं लिहा." शेवटचं वाक्य गाळू नका. तेवढ्याने माणूस मोकळेपणाने लिहितो.

शब्द "नीट" करणं

शुद्धलेखनाची एखादी चूक दुरुस्त करायला हरकत नाही. पण मालक ग्राहकाचं वाक्यच बदलतो, "बरं वाटलं"चं "अविस्मरणीय अनुभव" होतं आणि दहा ग्राहक एकाच सुरात बोलू लागतात. वाचणाऱ्याला ते एका हातचं लिखाण आहे हे लगेच कळतं. अभिप्राय लांब असेल तर मधला भाग गाळून तिथे टिंबं द्या आणि अर्थ तोच राहिला ना, हे ग्राहकाला दाखवून घ्या. बोलीतला शब्द, अर्धवट वाक्य, एखादा इमोजी असू द्या. माणूस त्यातूनच ओळखू येतो.

कमी तारे लपवणं

सगळीकडे पाचच्या पाच तारे दिसले की खरेदीदार निर्धास्त होतो, हा समज पक्का आहे, पण तो चुकीचा आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल रिसर्च सेंटरने 2017 मध्ये मांडलेल्या अभ्यासात खरेदीची शक्यता साधारण 4.0 ते 4.7 या रेटिंगच्या दरम्यान सर्वाधिक आढळली, आणि 5 च्या जवळ जाताना ती उतरत गेली. पहिल्या मोजक्या अभिप्रायांचा परिणाम सर्वात मोठा असतो, असंही त्यांना दिसलं. म्हणजे पहिले पाच-दहा खरे अभिप्राय मिळवण्यासाठी घेतलेली मेहनत नंतरच्या शंभरांपेक्षा जास्त फळते.

लपवाछपवी महागातही पडते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने जानेवारी 2022 मध्ये फॅशन नोव्हा या ऑनलाइन कपडे विक्रेत्या कंपनीबरोबरची तडजोड जाहीर केली. चारपेक्षा कमी तारे असलेले अभिप्राय कंपनीने साइटवर येऊच दिले नाहीत, असा आरोप होता, आणि तडजोडीची रक्कम होती 42 लाख डॉलर.

याच चुकीचा एक सभ्य दिसणारा प्रकार आहे. आधी "समाधानी आहात का?" विचारायचं, "हो" म्हणणाऱ्याला गूगलची लिंक द्यायची आणि "नाही" म्हणणाऱ्याला खासगी फॉर्मकडे वळवायचं. फक्त खूश ग्राहकांकडून अभिप्राय मागणं गूगलच्या नियमांत बसत नाही. सर्वांना एकच लिंक द्या.

वाईट अभिप्रायाखाली उत्तर लिहिताना ते तक्रार करणाऱ्यासाठी आहे तसंच पुढे वाचणाऱ्या प्रत्येकासाठीही आहे, हे ध्यानात ठेवा. "गैरसोयीबद्दल क्षमस्व" या ठोकळेबाज ओळीने काहीच साधत नाही. काय चुकलं, काय केलं, किती दिवसांत केलं, हे सांगा: "तुमच्या सॅकची शिवण उसवली होती. दुसरी पाठवली, ती चौथ्या दिवशी तुम्हाला मिळाली. त्या खेपेतल्या उरलेल्या सॅक आम्ही तपासून घेतल्या." असं एक उत्तर अनेक कौतुकांना भारी पडतं.

घरच्यांनी लिहिलेले, विकत घेतलेले

यावर फार लिहायची गरज पडू नये. भाऊ, मित्र, कर्मचारी यांनी ग्राहक म्हणून लिहू नये, आणि एआयकडून ग्राहक तर अजिबात बनवून घेऊ नयेत. अमेरिकेत अशा बनावट अभिप्रायांवर बंदी घालणारा नियम 21 ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे. युरोपीय संघात अभिप्राय खऱ्या ग्राहकांचेच आहेत याची खात्री तुम्ही करता का आणि कशी करता, हे 28 मे 2022 पासून सांगावं लागतं. भारतीय मानक ब्युरोनेही 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक आणलं.

सवलत देऊन अभिप्राय मागणारे पुष्कळ आहेत. "चांगलं लिहिलंत तर कूपन" हे सरळ चुकीचं. मत कसंही असो, कूपन मिळेलच, असं ठेवलं तरी तसा उल्लेख अभिप्रायाशेजारी हवा. आणि गूगलवरच्या रिव्ह्यूसाठी कसलंच आमिष चालत नाही.

चांगला अभिप्राय कुणाला दिसतच नाही

मेहनतीने मिळवलेले अभिप्राय "आमचे ग्राहक" नावाच्या वेगळ्या पानावर जातात आणि त्या पानावर क्वचितच कुणी फिरकतं. शंका जिथे येते, तिथे उत्तर ठेवा. चेनचा अभिप्राय चेनच्या फोटोखाली, रिफंड वेळेत मिळाल्याचा अभिप्राय पैसे भरायच्या बटणाजवळ, मापाबद्दलचा मापाच्या तक्त्याशेजारी. आपोआप सरकणारा स्लायडर मला पटत नाही. वाक्य अर्धं वाचून होतं तोच ते निघून जातं.

मेसेजचे स्क्रीनशॉट खरे वाटतात हे मान्य, पण मोबाइलवर ते सहज वाचता येत नाहीत आणि अंध व्यक्तींना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही फोटोतली अक्षरं सहसा कळत नाहीत. मजकूर टाइप करून लावा, स्क्रीनशॉट हवा तर सोबत द्या. स्वतःच्या साइटवर स्वतःच्याच कंपनीचे अभिप्राय लावून गूगल सर्चमध्ये तारे झळकावेत, हीही आशा सोडा. कंपनी किंवा दुकानाबद्दलच्या अशा अभिप्रायांचे तारे गूगलने 2019 पासून दाखवणं बंद केलं आहे.

लोक अडतात ती ठिकाणं

कुणीच लिहीत नसेल तर लांबलचक फॉर्म काढून एकच प्रश्न विचारा, किंवा फोन करा, बोलणं लिहून घ्या आणि तो मजकूर ग्राहकाकडून मंजूर करून घ्या. अभिप्राय आहेत पण सगळे दोन वर्षांपूर्वीचे असतील, तर व्यवसाय बंद पडला की काय असं वाटतं. तारीख झाकू नका, दर महिन्याला नवे दोन-तीन मिळवा. व्यवसाय अगदी नवा असेल तर काही जणांना वस्तू फुकट वापरायला द्या आणि "ही वस्तू आम्ही मोफत दिली होती" असं अभिप्रायाखाली स्पष्ट लिहा.

परवानगी गृहीत धरणं

ग्राहकाने तुम्हाला मेसेज केला म्हणजे तो जगाला दाखवायची मुभा दिली असं होत नाही. स्क्रीनशॉटमध्ये फोन नंबर, प्रोफाइल फोटो, कधी ऑर्डरचा पत्ताही राहून गेलेला मी पाहिला आहे. विचारताना तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: पूर्ण नाव द्यायचं की फक्त पहिलं, फोटो चालेल का, आणि साइटशिवाय जाहिरातीत वापरलं तर चालेल का. पुष्कळजण नाव द्यायला हो म्हणतात, जाहिरातीला नाही. फोटो मिळाला नाही तर ती जागा रिकामी ठेवा, नावाचं आद्याक्षरही पुरतं.

याची एक साधी शीट करा. त्यात ऑर्डर क्रमांक, तारीख, ग्राहकाचे मूळ शब्द, साइटवर लावलेले शब्द, कशाकशाला होकार आहे आणि अभिप्राय कुठल्या पानावर आहे, एवढे रकाने ठेवा. वर्षभराने एखाद्या ग्राहकाचा मेसेज येतो, "माझं नाव काढाल का?" तेव्हा ते कुठे कुठे लावलंय ते त्या ओळीवरून समजतं. त्याच दिवशी काढून टाका आणि काढल्याचं त्यांना कळवा.