थेरपी डॉग घडवताना होणाऱ्या चुका: पिल्लाला ‘नको’ म्हणू द्या

माझी कुत्री बुंदी चौदा महिन्यांची असताना आम्ही पहिल्यांदा एका वृद्धाश्रमात गेलो. व्हीलचेअरवर बसलेल्या एका आजींनी हात पुढे केला आणि बुंदीने पंजा उचलून त्यांच्या हातावर ठेवला. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जवळ जाऊन पाहिलं तर मनगटाच्या वर आजींची कातडी सोलवटली होती. त्या रक्त पातळ करणारी गोळी घेत होत्या, त्यामुळे रक्त थांबायला बराच वेळ लागला. “असू दे गं, लेकरू आहे ते,” म्हणून त्याच माझी समजूत काढत होत्या. बुंदीचं काहीच चुकलं नव्हतं. ‘शेकहँड’ मी शिकवला होता, ती अडीच महिन्यांची असताना, पाहुण्यांना दाखवायला.

ही एक चूक मला दिसली, कारण तिच्यामुळे रक्त आलं. बाकीच्या बऱ्याच चुका दिसत नाहीत. त्या पिल्लाच्या पहिल्या काही महिन्यांत होतात आणि वर्षभराने, भलत्याच जागी, भलत्याच माणसासमोर बाहेर येतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. थेरपी डॉग म्हणजे अंध व्यक्तीला रस्ता दाखवणारा कुत्रा नव्हे. तो कुत्रा एकाच माणसासाठी काम करतो. थेरपी डॉग आपल्या घरी राहतो आणि आपल्याबरोबर वृद्धाश्रमात, विशेष मुलांच्या शाळेत, रुग्णालयात जाऊन अनोळखी माणसांना भेटतो. त्याच्याकडून आज्ञापालन हवंच, पण ते पुरेसं नाही. अनोळखी माणसाजवळ जाणं त्याला मनापासून आवडायला हवं, आणि आवडत नसेल त्या दिवशी ते आपल्याला कळायला हवं. न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे एकदा एक अबोल मुलगा ठरलेल्या वेळेआधीच आला. त्यांचा कुत्रा जिंगल्स तेव्हा खोलीतच होता. तो आपणहून मुलाजवळ गेला आणि मुलगा त्याच्याशी खेळू लागला. या अनुभवांवर लेव्हिन्सन यांनी १९६२ साली लेख लिहिला आणि या क्षेत्राचा अभ्यास सुरू झाला. जिंगल्सला कुणी पुढे ढकललं नव्हतं. मला त्या हकिकतीत हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

फार लहान पिल्लू आणणं

“एवढंसं असतानाच आणा, म्हणजे लळा लागतो,” असं सांगून तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास हातात दिली जातात. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनी बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. चावताना किती जोर लावायचा, हे पिल्लू भावंडांकडून शिकतं. जोरात चावलं की समोरचं पिल्लू केकाटतं आणि खेळ थांबतो. हा धडा न घेता घरी आलेल्या पिल्लाला दात जपून लावायला शिकवायला आपल्याला महिनोन्‌महिने लागतात. ज्या कामात ऐंशी वर्षांच्या माणसाचा हात त्याच्या तोंडाजवळ येणार आहे, त्या कामासाठी ही उणीव मोठी आहे.

निवडतानाही गल्लत होते. सगळ्यात आधी अंगावर धावून येणारं पिल्लू लोक उचलतात. मी एक स्टीलचा चमचा थोड्या अंतरावर खाली टाकून पाहते. दचकायला हरकत नाही. दचकून थोड्या वेळात परत वास घ्यायला येणारं पिल्लू मला हवं असतं. लॅब्रॅडॉरच पाहिजे असंही नाही. शांत स्वभावाचे गावठी कुत्रेही हे काम सुंदर करतात.

लसी पूर्ण होईपर्यंत घरात कोंडणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, आणि ती अगदी प्रेमापोटी होते. अनोळखी गोष्टी सहज स्वीकारण्याचा पिल्लाचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो. लसींची मालिका मात्र सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. डॉक्टर सांगतात, बाहेर काढू नका, पार्व्हो होईल. भीती खरीच आहे. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लहान पिल्लाचा जीव घेतो. पण सोळा आठवडे चार भिंतींत काढलेलं पिल्लू बाहेर येतं तेव्हा तो काळ बहुतेक संपलेला असतो.

यावर उपाय साधा आहे: पिल्लाला बाहेर न्या, जमिनीवर मात्र ठेवू नका. बुंदीला मी ओढणीच्या झोळीत घालून रोज पंधरा मिनिटं सोसायटीच्या गेटपाशी बसायचे. वॉचमनकाकांची शिट्टी, दूधवाल्याच्या किटल्या, हेल्मेट घातलेली माणसं, काठी टेकत जाणारे आजोबा, बुरखा, रेनकोट, कडेवरचं रडणारं बाळ हे सगळं तिने माझ्या मांडीवरून पाहिलं. पहिली लस होऊन आठवडा झाल्यावर लसीकरण झालेल्या, ओळखीच्या कुत्र्यांच्या घरी नेलं. घरात कुकरची शिट्टी, मिक्सर, पत्र्याचा डबा पडल्याचा आवाज ऐकवला, प्रत्येक वेळी आधी दुरून आणि मागोमाग उकडलेल्या चिकनचा नखभर तुकडा. पनीरही चालतं.

तुमचं पिल्लू हा काळ ओलांडून आलं असेल तर आशा सोडू नका, पण वेग निम्मा करा आणि शेवटी ते हे काम करेलच असं गृहीत धरू नका.

ओळख करून देणं म्हणजे गर्दीत सोडणं

याच्या उलट टोकही असतं. कुणीतरी वाचतं की पिल्लाला शंभर माणसं भेटवा, आणि मग वाढदिवसाला वीस मुलं आळीपाळीने त्याला उचलतात. पिल्लू सुटू पाहतं, त्याला पुन्हा हातात दिलं जातं. त्या दिवशी ते एवढंच शिकतं की माणसाच्या हातातून सुटका नाही.

माझा नियम असा की पिल्लू माणसाकडे जाईल, माणूस पिल्लाकडे जाणार नाही. समोरच्याने खाली बसायचं, बाजूला तोंड करून, हात मांडीवर ठेवून. आलं तर छातीवर किंवा मानेखाली खाजवायचं, डोक्यावर थापटायचं नाही. तीन सेकंद खाजवलं की हात काढायचा. पिल्लू परत चिकटलं तर पुढे चालू, नाही तर संपलं. सोसायटीतल्या लोकांना हे आधी विचित्र वाटतं. ठामपणे सांगावं लागतं.

शेकहँड, उड्या आणि ग्लुकोज बिस्किट

पंजा देणं, मागच्या पायांवर उभं राहणं, गालाला चाटणं या तीन गोष्टी शिकवूच नका. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, आणि पंजा देण्याचं कौतुक झालेला कुत्रा लक्ष वेधून घ्यायला प्रत्येक वेळी पंजाच मारतो. शिकवून झालं असेल तर बुंदीसारखं करता येतं: पंजा उचलला की आपला हात शांतपणे मागे, हनुवटी टेकवली की लगेच खाऊ. हनुवटी मांडीवर टेकवायला शिकवणं हा मला सापडलेला सगळ्यात सुंदर पर्याय आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही ती ऊब जाणवते. बुंदीचा पंजा सुटायला चार महिने लागले आणि तेवढे दिवस आम्ही कुठेही गेलो नाही.

बिस्किटाचंही तसंच. भेटेल त्याने खाऊ दिला की कुत्रा माणसाकडे पाहायचं सोडून खिशाकडे पाहतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की वृद्धाश्रमात आणि रुग्णालयात जमिनीवर गोळ्या पडलेल्या असतात. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन या आपल्या रोजच्या गोळ्या कुत्र्याला विषारी आहेत. म्हणून ‘सोड’ हा शब्द बाकी सगळ्या शब्दांच्या आधी पक्का करा. आणि तो एकच असू द्या. आई ‘सोड’ म्हणते, मुलगा ‘लीव्ह इट’, आजोबा ‘छी, टाक ते’. पिल्लू गोंधळतं आणि हट्टी ठरतं. शब्दांची यादी फ्रिजवर लावा, कामाच्या मावशींनाही दाखवा.

फक्त प्रेमाने हाताळणं

घरातले हात सराईत असतात. बाहेरचे हात वेडेवाकडे पडतात: कान मुठीत धरला जातो, शेपूट ओढली जाते, काठी अंगावर पडते. या स्पर्शांची सवय चौथ्या महिन्यापासूनच हळूहळू लावावी लागते. कान हलकेच धरा, सोडा, मग खाऊ द्या. क्रम महत्त्वाचा आहे. आधी खाऊ दाखवून मग कान धरला, तर खाऊ दिसला की पिल्लू सावध होतं. पंजाच्या बोटांमध्ये बोट घाला, ओठ वर करून दात पाहा, नखं घासा. पिल्लाने तोंड फिरवलं की त्या दिवशी तिथेच थांबा.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा न राहणं) असलेल्या मुलाची मूठ कधीकधी केसांवर आवळली जाते आणि त्याला ती स्वतः उघडता येत नाही. अशा वेळी कुत्र्याला ओढू नका, मुलाचा हातही ओढू नका. कुत्र्याला जवळ धरून ठेवा आणि मुलाच्या थेरपिस्टला हाक मारा, मूठ कशी सोडवायची ते त्यांना ठाऊक असतं. म्हणून थेरपिस्ट खोलीत असल्याशिवाय मी भेट सुरूच करत नाही.

वयात आलेल्या पिल्लाची धास्ती

सहा-सात महिन्यांचं पिल्लू शिकलेलं सगळं विसरल्यासारखं वागतं. हाकेला येत नाही, पट्टा ओढतं, काल ओळखीच्या असलेल्या कचऱ्याच्या डब्यावर भुंकतं. नेमके याच वेळी घरचे धीर सोडतात आणि त्याला दोन महिने ‘ट्रेनिंग’साठी कुठेतरी पाठवतात, किंवा गळ्यात आवळणारी साखळी येते. साखळीने कुत्रा शांत दिसतो. पण साखळी आवळली गेली तेव्हा समोर जी व्यक्ती होती, तिच्याशी त्याने ते दुखणं जोडलेलं असतं. ती व्यक्ती वॉकर घेऊन चालणारी असेल तर पुढचा सगळा मार्गच अडला.

गुरगुरण्यावर ओरडणं हीदेखील याच जातीची चूक. गुरगुरणं म्हणजे पूर्वसूचना. ती दाबली की कुत्रा घाबरायचा थांबत नाही, सूचना द्यायचा थांबतो. गुरगुरला तर त्याला तिथून दूर न्या, कशाला गुरगुरला ते वहीत लिहा आणि त्या गोष्टीशी पुन्हा खूप लांबून ओळख करून द्या.

या वयात भीतीचा एक नवा टप्पाही येतो. तो नेमका दिवाळीत आला तर खिडक्या बंद, पंखा मोठा, कुणीतरी सोबत. ‘सवय होऊ दे’ म्हणून फटाक्यांत किंवा विसर्जनाच्या ढोल-ताशात नेणं म्हणजे वर्षभराच्या मेहनतीवर पाणी सोडणं.

फोटो पाहून घाई करणं

मुंबई विमानतळावर प्रवाशांच्या गराड्यात शांत बसलेले थेरपी डॉग २०२३ पासून लोकांनी पाहिले आणि तेव्हापासून आठ महिन्यांच्या पिल्लाला रुग्णालयात न्यायचं का, असे प्रश्न मला वारंवार येतात. एक वर्षाच्या आत नाहीच. अमेरिकेतली पेट पार्टनर्स ही जुनी संस्थाही वर्षाखालचा कुत्रा घेत नाही. पहिल्या काही भेटी दहा-पंधरा मिनिटांच्या, दोन-तीनच माणसांच्या ठेवा. संस्थेची लेखी परवानगी, रेबीजच्या लसीचा दाखला, अलीकडची शौचतपासणी आणि महापालिकेचा श्वान परवाना फाइलमध्ये हवा. कच्चं मांस खाणारा कुत्रा आजारी माणसांकडे नेऊ नये, साल्मोनेला या जिवाणूचा धोका असतो. पावसाळ्यात गोचीड तपासल्याशिवाय निघू नका.

माणसांकडेच पाहत राहणं

भेटीत आपले डोळे आजींच्या हसण्याकडे जातात, आणि ते साहजिक आहे. पण कुत्रा काय म्हणतोय ते पाहणारं तिथे दुसरं कुणी नसतं. त्याच्यावर ताण आल्याच्या खुणा अशा: झोप नसताना जांभई, खाणं नसताना ओठ चाटणं, मान वळवणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, अंग कोरडं असून झटकणं, थंड खोलीत धापा टाकणं, समोर ठेवलेला चिकनचा तुकडाही न घेणं. यातलं एक दिसलं तर माझं लक्ष जातं, दोन दिसली तर आम्ही उठतो. गळामिठीचे बरेच गोड फोटो नीट पाहा. मूल हसत असतं आणि कुत्र्याची मान दुसरीकडे वळलेली असते.

काही नेहमीच्या अडचणी. लिफ्टमध्ये शिरत नसेल तर ओढू नका. दार उघडं धरून उंबऱ्याशी खाऊ द्या आणि परत फिरा, बऱ्याचदा आठवडाभरात पिल्लू आपणहून पाय टाकतं. गुळगुळीत फरशीवर घसरत असेल तर नखं आणि पंजाच्या गाद्यांमधले केस कापा, बऱ्याचदा तेवढंच कारण असतं. व्हीलचेअरवर भुंकत असेल तर एक भाड्याने आणा, वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळते. चार दिवस ती हॉलमध्ये नुसती उभी राहू द्या, जेवणाचा वाडगा तिच्याजवळ ठेवा, मग रिकामी ढकला, मग घरातलं कुणी बसा.

आणि सगळं नीट करूनही दीड-दोन वर्षांनी पिल्लू अनोळखी माणसांपासून मागेच राहत असेल, तर ते त्याचं उत्तर आहे. माझ्या ओळखीच्या एका घरातला असा कुत्रा आता रोज दुपारी त्यांच्याच आजोबांच्या खाटेपाशी झोपतो. तेवढं त्याला पुरतं, आजोबांनाही.

बुंदी आता सात वर्षांची आहे. गेल्या महिन्यात एका शाळेच्या फाटकाशी ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसली. आत मुलं वाट पाहत होती. मी बाईंना फोन करून सांगितलं की आज आम्ही येत नाही, पुढच्या गुरुवारी येऊ. घरी गेल्यावर दिसलं, तिच्या उजव्या कानात सूज होती.