ट्रेलर ओढता येतो, पण पेलता येतो का? जड ट्रॅव्हल ट्रेलरला गाडी जोडताना या चुका टाळा

जड ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, घेणारा माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: माझी गाडी हा ओढेल का? आजकालच्या इंजिनांची ताकद पाहता उत्तर जवळजवळ नेहमीच ‘हो’ असे येते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. ओढणे हे इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे काम आहे. पण ट्रेलरच्या पुढच्या दांडीचा भार गाडीच्या मागच्या स्प्रिंगांना, टायरांना आणि हिचला, म्हणजे ट्रेलर जोडण्याच्या सांध्याला, पेलावा लागतो, शिवाय हे सगळे धूड आडव्या वाऱ्यात आणि उतारावर ताब्यात ठेवावे लागते. पूर्ण आकाराच्या पिकअप आणि एसयूव्ही यांच्या बाबतीत पेलण्याची मर्यादा बहुतेक वेळा ओढण्याच्या मर्यादेच्या आधी संपते, ही गोष्ट माहितीपत्रकावरून सहसा लक्षात येत नाही.

जाहिरातीतला आकडा आपल्या गाडीचा समजणे

कंपनी ‘३,९०० किलोपर्यंत ओढते’ असे म्हणते तेव्हा तो आकडा त्या मॉडेलच्या सर्वांत अनुकूल रचनेचा असतो. इंजिन, मागच्या ॲक्सलचे गिअर गुणोत्तर, केबिनचा आकार आणि टू-व्हील किंवा फोर-व्हील ड्राइव्ह यांनुसार एकाच नावाच्या दोन गाड्यांमध्ये शेकडो किलोंचा फरक पडतो. अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या ‘एसएई जे२८०७’ या मानकामुळे चाचण्यांमध्ये बरीच एकवाक्यता आली. त्यात ॲरिझोनामधील डेव्हिस डॅमजवळच्या लांब चढावर भर उन्हाळ्यात एसी चालू ठेवून गाडीने किमान वेग राखावा अशी अट आहे. परंतु त्याच मानकात गाडीत प्रत्येकी ६८ किलोंची दोनच माणसे गृहीत धरलेली असतात. मागच्या सीटवरची मुले, कुत्रा, बर्फपेटी, सायकली, अवजारांची पेटी यांतले काहीही त्या आकड्यात नसते.

आपल्या गाडीचा खरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर असतो. माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, म्हणजेच पेलोड किती, हे तिथे छापलेले असते आणि ते त्या विशिष्ट गाडीसाठी असते. माहितीपत्रकातील पेलोड आणि दारावरचा पेलोड यांत तफावत दिसली, तर दारावरचाच खरा मानावा. सनरूफ, मोठी चाके, चामडी सीट अशा प्रत्येक चैनीची किंमत पेलोडमधूनच वळती झालेली असते.

कोऱ्या ट्रेलरच्या वजनावर हिशेब करणे

ही माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे, कारण पुढचे सर्व आकडे तिच्यावर उभे असतात. ट्रेलरचे जाहीर केलेले कोरडे वजन, समजा, २,६०० किलो आहे. त्यात पाणी नसते, घरातले सामान नसते आणि बऱ्याचदा बॅटऱ्या व गॅसही नसतो. दोन लेड-ॲसिड बॅटऱ्यांचे सुमारे ५० किलो, दोन टाक्यांतल्या गॅसचे १८ किलो, १८० लिटर पाण्याचे १८० किलो आणि भांडी, अंथरुणे, कपडे, खुर्च्या, पाण्याचे व विजेचे पाइप-तारा, डबाबंद अन्न यांचे मिळून ३५० किलो धरले, तर तोच ट्रेलर ३,२०० किलोंचा होतो. हा अंदाज फुगवलेला वाटेल; पण एकदा कपाटे उघडून मनातल्या मनात वजन करून पाहावे.

आता दांडीवरचा भार, ज्याला टंग वेट म्हणतात, तो पाहू. हिचबॉलवर, म्हणजे हिचवरच्या गोळ्यावर, टेकणाऱ्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी तो भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. ३,२०० किलोंच्या १३ टक्के म्हणजे ४१६ किलो. गाडीच्या दारावर पेलोड ७२० किलो लिहिला आहे असे धरा. चौघांचे कुटुंब २७० किलो, हिचचे सामान ४० किलो आणि टंग वेट ४१६ किलो: बेरीज ७२६. गाडीत एकही पिशवी ठेवलेली नाही आणि मर्यादा ओलांडलेली आहे, जरी ट्रेलर कंपनीच्या ३,९०० किलोंच्या आकड्यापेक्षा तब्बल ७०० किलोंनी हलका असला तरी. हाच हिशेब कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांनी केला असता तर १५० किलो शिल्लक आहेत असे वाटले असते.

यासोबतच मागच्या ॲक्सलची मर्यादा, टायरांची वहनक्षमता, हिच रिसीव्हरवरच्या (गाडीच्या मागे हिच ज्यात बसते त्या खोबणीवरच्या) पट्टीवरील आकडा आणि गाडी व ट्रेलर यांची एकत्रित कमाल मर्यादाही तपासावी. या सगळ्यांत जी सर्वांत आधी भरते, तीच आपली मर्यादा. रिसीव्हरवर बहुधा दोन आकडे असतात, साध्या बॉलसाठीचा आणि वेट डिस्ट्रिब्यूशन (भार ॲक्सलांवर वाटून देणाऱ्या) हिचसाठीचा, आणि पहिला दुसऱ्यापेक्षा बराच कमी असू शकतो.

भार कमी दिसावा म्हणून सामान मागे सरकवणे

टंग वेट जास्त भरते असे कळले की जड वस्तू ट्रेलरच्या मागच्या भागात हलवण्याचा मोह होतो. बैलगाडीत मागे ओझे वाढले की गाडी उलाळ होते. इथे मात्र वेगामुळे ते अधिक घातक ठरते. दांडीवरचा भार १० टक्क्यांच्या खाली गेला की वाऱ्याचा झोत किंवा शेजारून गेलेला मोठा ट्रक यांनी सुरू झालेला झोका आपोआप विरत नाही. विशिष्ट वेगाच्या वर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी ट्रेलरच गाडीला वळवू लागतो. मागच्या बंपरवर सायकली किंवा जादा पाणी लादणे हा त्याच चुकीचा नमुना आहे; एक टोक जड केले की झोक्याची जडत्वाची ताकदही वाढते. टंग वेट झेपत नसेल तर हलका ट्रेलर किंवा अधिक पेलोडची गाडी, एवढेच दोन मार्ग उरतात.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. युरोपीय कॅरव्हॅनच्या बाबतीत नाकावरचा भार सहसा ७५ ते १०० किलोंच्या आसपास ठेवतात, म्हणजे टक्केवारीने तो बराच कमी असतो. त्या कॅरव्हॅन हलक्या असतात, त्यांच्या रचनेत वजन ॲक्सलजवळ ठेवलेले असते आणि वेगमर्यादा कमी असतात. तो नियम उचलून तीन-साडेतीन टनी अमेरिकी धाटणीच्या ट्रेलरला लावू नये.

ट्रेलर झोके घेऊ लागलाच, तर स्टिअरिंग सरळ आणि स्थिर धरावे, ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि ब्रेक कंट्रोलरच्या (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या गाडीतल्या यंत्राच्या) हाताच्या कळीने केवळ ट्रेलरचे ब्रेक हळूहळू लावावेत. गाडीचा ब्रेक जोरात दाबणे, झोक्याच्या उलट स्टिअरिंग फिरवत बसणे किंवा वेग वाढवून ‘ताणून सरळ’ करण्याचा प्रयत्न करणे, या तिन्ही गोष्टी प्रसंग बिघडवतात. गाडी थांबल्यावर सामानाची मांडणी, टायरांतली हवा आणि हिच तपासल्याशिवाय पुढे निघू नये. झोका कमी करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वेळेला हात देते. पण चुकीच्या मांडणीचे कारण ती दूर करत नाही.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिचला जादू मानणे

या हिचचे स्प्रिंग बार मागच्या ॲक्सलवरून थोडा भार पुढच्या ॲक्सलवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. मागे बसलेली गाडी उचलली जाते, पुढच्या चाकांना पुन्हा पकड मिळते. मात्र त्यामुळे ॲक्सल किंवा टायर यांची क्षमता वाढत नाही. हवेच्या पिशव्या आणि जादा स्प्रिंग यांचेही तसेच आहे: गाडी समतल दिसते, पेलोड होता तेवढाच राहतो.

हिच बरोबर बसली आहे का, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. ट्रकांच्या वजनकाट्यावर तीन वजने करावीत: पहिले सगळे जोडून आणि बार ताणून, दुसरे बार सोडून, तिसरे माणसांसह फक्त गाडीचे. वरच्याच उदाहरणातील गाडी घेऊ. एकटी असताना पुढच्या ॲक्सलवर १,४५० आणि मागच्यावर १,२५० किलो, म्हणजे एकूण २,७००. ट्रेलर जोडून बार सोडले असता पुढे १,२७० आणि मागे १,८४६, एकूण ३,११६. या दोन बेरजांतील फरक ४१६ किलो, हेच खरे टंग वेट. ते मागच्या ॲक्सलच्या मागे टेकत असल्याने तरफेसारखे काम करते आणि पुढच्या चाकांवरून १८० किलो काढून घेते. स्टिअरिंग हलके लागण्याचे आणि रात्री दिवे वर फेकले जाण्याचे कारण तेच. बार ताणल्यावर पुढे १,३८० आणि मागे १,६६८ किलो आले, म्हणजे गमावलेल्या १८० पैकी ११० किलो परत मिळाले आणि ६८ किलो ट्रेलरच्या चाकांवर गेले. पुढच्या ॲक्सलवर किती भार परत आणायचा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते: काही कंपन्या निम्मा पुरेसा मानतात, काही पूर्ण सांगतात. मूळ वजनापेक्षा अधिक भार पुढे ढकलणे टाळावे, कारण मागची चाके हलकी होऊन वळणावर घसरू शकतात.

त्या ६८ किलोंमुळे आपली गाडी कागदावर पुन्हा मर्यादेत येते. तेवढ्या जागेवर सामान भरायला निघू नये. बार कधी कमी ताणले जातात, कधी खडबडीत प्रवेशमार्गावर सोडावे लागतात, आणि तेव्हा सगळा भार मागच्या ॲक्सलवरच येतो.

ब्रेक, टायर आणि चढ-उतार

ट्रेलरचे ब्रेक कमी लावून ठेवणारे अनेक जण असतात, कारण मग धक्के जाणवत नाहीत. पण त्यामुळे दोघांचे थांबण्याचे काम गाडीचेच ब्रेक करतात. कोरड्या, सपाट, मोकळ्या जागेत ताशी ४० किलोमीटर वेगाने हाताची कळ दाबून पाहावी आणि ट्रेलरची चाके जाम होण्याच्या किंचित आधीपर्यंत कंट्रोलरची ताकद वाढवावी. ट्रेलर भरलेला असताना ही जुळणी वेगळी येते आणि रिकामा असताना वेगळी. ब्रेक लावताना मागून ढकलल्यासारखे वाटत असेल तर ताकद कमी आहे; मागे ओढल्यासारखा झटका बसत असेल तर ती जास्त आहे. ट्रेलर सुटल्यास आपोआप ब्रेक लावणारी ब्रेकअवे कळ ट्रेलरच्या बॅटरीवर चालते, तेव्हा ती बॅटरी उतरलेली असणे म्हणजे ती कळ नसणेच.

ट्रेलरच्या ‘एसटी’ (स्पेशल ट्रेलर) टायरांवर वेगळी वेगखूण नसेल तर त्यांची मर्यादा बहुधा ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर असते. हवा थंड टायरमध्ये, ट्रेलरवरच्या पट्टीवर दिली आहे तेवढी भरावी. कमी हवेने टायर तापतो आणि ट्रेलर डोलतोही.

उंचीवर साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. मैदानात जेमतेम जुळणारी जोडी घाटात गिअर शोधत राहते आणि गिअरबॉक्स तापवते. अशा वेळी टो-हॉल मोड (ओझे ओढताना वापरायची गिअरबॉक्सची मांडणी) लावून खालच्या गिअरमध्ये स्थिर राहणे बरे. उतरताना वेग उताराच्या माथ्यावरच कमी करावा आणि इंजिनाने रोखून धरावा. ब्रेकवर पाय ठेवून उतरल्यास पायथ्याशी पोहोचेपर्यंत ब्रेक निकामी होऊ शकतात. उंच, चपट्या तोंडाच्या ट्रेलरबाबत वजनापेक्षा वारा मोठा शत्रू असतो, म्हणून काही गाड्यांच्या पुस्तिकांत ट्रेलरच्या दर्शनी क्षेत्रफळाचीही कमाल मर्यादा दिलेली असते. ती क्वचितच कोणी वाचतो.

जोडतानाच्या बारीक गोष्टी

बॉलचा आकार कपलरवर, म्हणजे दांडीच्या टोकाला बॉलवर बसणाऱ्या भागावर, कोरलेला असतो आणि तो तंतोतंत जुळायला हवा. २ पूर्णांक ५/१६ इंची कपलरमध्ये २ इंची बॉल बसवला तरी खिट्टी लागते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात कपलर उडू शकतो. खिट्टी लावल्यावर दांडीच्या जॅकने गाडीचा मागचा भाग थोडा उचलून पाहावा; कपलर खरोखर धरलेला असेल तर तो सुटत नाही. साखळ्या दांडीखाली एकमेकींना ओलांडून लावाव्यात, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी त्यांच्या झोळीत पडते. ट्रेलर समतल किंवा नाक किंचित खाली असे उभे राहावे. चाक नुकतेच बदलले असेल, तर निघाल्यावर पहिल्या १५, ४० आणि ८० किलोमीटरच्या सुमारास थांबून टॉर्क पान्याने नट पुन्हा तपासावेत.