मुलाला घेऊन जपान: आठ दिवसांची सहल कशी आखावी

भारतातून कुणी मूल घेऊन जपानला यायचं ठरवलं की माझ्याकडे आधी एक तक्ता येतो. सात रात्री आणि पाच हॉटेलं: टोकियो, हाकोने, क्योटो, हिरोशिमा, पुन्हा टोकियो. खाली लिहिलेलं असतं, "एवढं लांब येतोय तर सगळं बघून घेऊ." मी तो तक्ता बाजूला ठेवते आणि सरळ फोन करते. मोठ्यांच्या सहलीत मूल कोंबून नेण्याला मुलासोबतची सहल म्हणत नाहीत.

मी टोकियोत निशी-कासाईला राहते. एदोगावा वॉर्डातल्या या भागात भारतीय कुटुंबं इतकी आहेत की वाणसामानाच्या दुकानात रांगेत उभं राहिलं तरी मराठी कानावर पडतं. आधी माझ्या मुलाला घेऊन, मग भाऊ-वहिनी आणि भाचीसोबत, नंतर नणंद आणि तिच्या जुळ्यांसोबत ही सहल मी इतक्यांदा केली आहे की कुठे गाडं अडतं ते मला पाठ आहे. व्हिसा, विमा, विमानाची तिकिटं ही कामं तुम्ही कराल. मी त्यानंतरचं सांगते.

तारखा

दिवाळीची सुट्टी धरा. हवा थंड आणि कोरडी असते, नोव्हेंबरात झाडांची पानं लाल व्हायला लागतात आणि मूल चालताना किरकिर करत नाही. एप्रिल संपता संपता येऊ नका. २९ एप्रिल ते ५ मे या गोल्डन वीकमध्ये अख्खं जपान मुलंबाळं घेऊन बाहेर पडलेलं असतं. जून ते जुलैचा मध्य पावसाचा, आणि ऑगस्टचा उकाडा मुंबईच्या ऑक्टोबरहून वाईट.

मार्ग

टोकियोत चार रात्री, क्योटोत तीन. हरणांचं गाव नारा क्योटोहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे, सुमारे पाऊण तास लागतो. येताना टोकियोला उतरा आणि परतीचं विमान ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून घ्या. मधल्या एखाद्या शहरात विमान बदलून येणाऱ्यांना हे सहज जमतं आणि मुलासकट टोकियोला परतण्याचा अर्धा दिवस वाचतो.

"रेल्वे पास घ्याच" हा सल्ला अजूनही फिरतो आणि त्याची मला चीड येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योटो शिंकान्सेनचं (म्हणजे बुलेट ट्रेनचं) एका बाजूचं आरक्षित तिकीट १४,००० येनच्या आसपास आहे आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मं. तुम्ही एकदाच जाणार आहात. बेरीज करून बघा आणि साधं तिकीट काढा. क्योटोचा जुना एक दिवसाचा बस पासही बंद झाला आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर आखलेले दिवसही पुन्हा आखा.

पहिले दोन दिवस

जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. इथे सकाळचे सात वाजतात तेव्हा मुलाच्या अंगात पहाटेचे साडेतीन असतात. पहिल्या दोन दिवशी अकराच्या आधी कुठलंही तिकीट काढू नका. बास.

गाव बदलण्याचा दिवस

सहल बिघडते ती याच दिवशी. देवळात नाही, संग्रहालयात नाही, टोकियो सोडून क्योटोला पोचण्याच्या पाच-सहा तासांत.

आमच्या पहिल्या खेपेला मुलगा चार वर्षांचा होता. नवरा कामामुळे मागे राहिलेला, त्यामुळे आम्ही दोघंच. दोन मोठ्या बॅगा, एक पाठपिशवी, घडीची बाबागाडी. टोकियो स्थानकात ज्या फाटकातून आत गेलो त्या बाजूला लिफ्ट सापडेना. आम्ही लिफ्टच्या शोधात स्थानकाच्या पोटात २० मिनिटं फिरलो. गाडीत तो बूट काढून झोपला. क्योटो आलं तेव्हा मी एका हाताने त्याला जागं करत होते, दुसऱ्या हाताने बॅग ओढत होते आणि गाडी तिथे जेमतेम एक-दोन मिनिटं थांबते. मागच्या एका आजोबांनी दुसरी बॅग फलाटावर टेकवली आणि दार मिटलं. मुलाच्या एका पायात निळा बूट होता, दुसऱ्या पायात नुसता मोजा. दुसरा बूट गाडीबरोबर पुढे गेला.

बूट मिळाला, दोन दिवसांनी, पुढच्या स्थानकाच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर, कागदी पाकिटात घालून वर तारीख लिहिलेला. पण मला अजून आठवतात ते त्याआधीचे दहा सेकंद. बॅगा फलाटाच्या कडेपासून आत ओढताना त्याचा हात माझ्या हातात नव्हता. तेवढ्यात बाजूच्या रुळावर दुसरी गाडी आली असती तर, हा विचार मी त्या रात्री झोपेपर्यंत करत होते.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. गाव बदलताना आईबाबांचा एक हात पूर्ण मोकळा हवा, आणि तो मुलासाठी. म्हणजे मोठी बॅग सोबत न्यायचीच नाही.

ती आधी पाठवायची. या सेवेला ताक्क्यूबिन म्हणतात. यामातो कंपनीने ती १९७६ मध्ये सुरू केली. त्यांच्या गाड्यांवर पिवळ्या रंगात काळी मांजर दिसेल, आपलं पिल्लू तोंडात अलगद धरून निघालेली. मुलाला ती दाखवा, पुढचे आठ दिवस रस्त्यात तो तीच शोधत बसतो. टोकियोहून क्योटोला सामान दुसऱ्या दिवशी पोचतं. बॅगेचं माप लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज करून धरतात. घरातली मोठी बॅग बहुधा १६० सेंटीमीटरच्या गटात बसते, त्यात २५ किलोपर्यंत वजन चालतं. खर्च एका बॅगेला ३,००० येनच्या आसपास येतो. माझ्या भावाने पैसे वाचवायला नको म्हटलं होतं. क्योटोच्या फलाटावर उतरल्यावर दुसऱ्या कुटुंबाची ओढाताण बघून त्याने स्वतःच विषय बंद केला.

पद्धत अशी. क्योटोला जायच्या आदल्या दिवशी सकाळी बॅग हॉटेलच्या काउंटरवर द्या. निघायच्या दिवशी सकाळी दिलीत तर ती क्योटोला तुमच्या एक दिवस मागून येईल आणि रात्री मुलाला घालायला कपडे नसतील. काउंटरवर एक पावती भरायची असते. त्यावर क्योटोच्या हॉटेलचं नाव, पूर्ण पत्ता, फोन, तुम्ही तिथे पोचायची तारीख आणि ज्या नावाने खोली घेतली आहे तेच नाव लिहा. इथे बरेच जण चुकतात. खोली नवऱ्याच्या नावावर असते आणि पावतीवर बायकोचं नाव पडतं. मग क्योटोचं हॉटेल ही बॅग कुणाची म्हणून विचारत बसतं. माझ्या नणंदेची बॅग अशीच संध्याकाळभर काउंटरमागे पडून होती आणि जुळी त्याच कपड्यांत झोपली. पावतीची एक प्रत तुमच्याकडे राहते, तिचा फोटो काढून ठेवा.

पाठपिशवीत एका रात्रीचे कपडे, औषधं, पासपोर्ट, चार्जर आणि मुलाची झोपताना लागणारी वस्तू ठेवा. ती वस्तू बॅगेत गेली तर रात्र गेली म्हणून समजा.

बॅग सोबत न्यायचीच असा हट्ट असेल तर हेही जाणून घ्या. तिन्ही बाजूंची बेरीज १६० सेंटीमीटरहून जास्त असेल तर या शिंकान्सेनमध्ये सामानाच्या जागेसकट सीट आधी आरक्षित करावी लागते, नाहीतर १,००० येन भरावे लागतात. बाबागाडीला हा नियम नाही.

आता सीट. शिंकान्सेनच्या साध्या डब्यात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन सीट असतात. दोघांसाठी डी आणि ई मागा. ई खिडकीशी, ती मुलाची. टोकियोहून निघाल्यावर पाऊण तासाच्या सुमारास याच बाजूला फुजी दिसतो, ढग नसतील तर. सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पण तेव्हा त्याने मांडीवर बसायचं असतं. सव्वादोन तास चार वर्षांचं मूल मांडीवर घेऊन बसण्याचा सल्ला देणाऱ्याने तसं एकदा बसून बघावं. अर्धं तिकीट काढा. डबा विषम क्रमांकाचा घ्या, शौचालयं त्यांत असतात. सात नंबरचा डबा मात्र टाळा, तो लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी आहे. तान्हं बाळ असेल तर ११ नंबरच्या डब्यात एक लहान खोली असते. कंडक्टरला सांगितलं तर दूध पाजायला ती उघडून देतात.

गाडीत खाऊची ढकलगाडी आता येत नाही, २०२३ मध्ये ती बंद झाली. खायला-प्यायला स्थानकातच घ्या. आणि नागोया सुटलं की बूट चढवा. नोझोमी, म्हणजे सगळ्यात वेगवान शिंकान्सेन, नागोयानंतर थेट क्योटोलाच थांबते, मध्ये अर्ध्या तासाहून थोडाच जास्त वेळ मिळतो. बूट, शौचालय, पाठपिशवी, आणि पाच मिनिटं आधी दाराशी. आमच्या घरात हे आता मुलगाच आम्हाला ओरडून सांगतो.

स्थानकात शिरताना सकाळी साडेसात ते नऊची वेळ टाळा. दहानंतरची गाडी धरा. मोठ्या स्थानकात सरळ कर्मचाऱ्याकडे जा आणि लिफ्टचं चिन्ह बोटाने दाखवा, तो नकाशावर खूण करून देतो. आणि मुलाच्या खिशात हॉटेलचं कार्ड ठेवा. मूल चुकलं तर त्याला माहीत असावं की स्थानकातल्या टोपीवाल्या कर्मचाऱ्याला ते दाखवायचं आणि जागेवरून हलायचं नाही. हे घरीच दोन-तीनदा खेळून दाखवा.

मुलाचं कार्ड

पहिल्याच दिवशी मोठ्या स्थानकाच्या काउंटरवर मुलाचा पासपोर्ट दाखवून त्याच्या नावाचं सुइका कार्ड घ्या, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड. ५०० येन अनामत असते आणि भाडं आपोआप निम्मं कापलं जातं. फाटकावर ते टेकवलं की पिलासारखा चिवचिवाट होतो, मोठ्यांच्या कार्डाला तो आवाज नाही. माझी भाची पहिल्या दिवशी तो आवाज ऐकायला फाटकातून पुन्हा बाहेर जायचा हट्ट धरून बसली होती. "आत्या, अजून एकदा!"

खाणं

शाकाहारी असाल तर इथे उडोनचा (जाड शेवयांचा) रस्साही माशाच्या पाण्यात केलेला असतो. त्याला दाशी म्हणतात आणि ती बऱ्याच पदार्थांत असते, अगदी गोड टोफूच्या पुडीत भरलेल्या भातातही. सरळ उपाय सांगते: मेतकूट आणा. दुकानात शिजवलेल्या भाताचं पाकीट मिळतं, तिथेच गरम करून देतात. गरम भात, मेतकूट, वर चमचाभर दही. मुलं पोटभर जेवतात आणि कुणालाही अर्धा तास यादी वाचत बसावं लागत नाही. टोकियो स्थानकाच्या फाटकाच्या आत टीज तानतान नावाचं ठिकाण आहे, तिथले रामेन (रश्शातल्या शेवया) पूर्ण शाकाहारी असतात, दुधाचाही अंश नसतो. क्योटोला निघायच्या दिवशी तिथेच जेवा. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता किंवा मांसाचं काही भारतातून आणू नका, विमानतळावरच काढून घेतात.

दिवस कसे भरायचे

दिवसाला एकच ठिकाण, तेही जेवणाआधी. दुपारी बाग. टोकियोत कासाई रिंकाई बागेतलं मत्स्यालय आणि उएनोचं प्राणिसंग्रहालय दोन्हीकडे प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. कासाईच्या टाकीत ट्यूना मासे तुमच्याभोवती गोल फिरत राहतात. आम्ही तिथे एकदा फरशीवर बसून तासभर नुसते बघत होतो. टोकियोजवळच्या ओमियाचं रेल्वे संग्रहालय गाड्यांचं वेड असलेल्या मुलाला सगळ्यात आवडतं. सुट्टीचे वार बघून ठेवा: मत्स्यालय बुधवारी, उएनो सोमवारी, ओमियाचं संग्रहालय मंगळवारी आणि क्योटोचं रेल्वे संग्रहालय बुधवारी बंद असतं.

क्योटोत एक रात्र तरी ताटामीच्या, म्हणजे जपानी चटयांच्या, खोलीत काढा. गाद्या जमिनीवर असतात, मूल पडायची भीती नाही.

नाराच्या हरणांबद्दल एकच सूचना. हरणांसाठीची बिस्किटं घेतली की लगेच द्या. बिस्कीट वर धरून फोटोसाठी थांबलात तर हरीण चावा घेतं, आणि शरद ऋतूत नर जास्तच चिडके असतात. बिस्किटं संपली की दोन्ही तळवे उघडे करून दाखवायला मुलाला शिकवा. हरणं तेवढ्यावर वळून जातात.

परत जाताना

मोठी बॅग क्योटोच्या हॉटेलातून कान्साई विमानतळावर पाठवता येते, पण विमानाच्या दोन दिवस आधी द्या. विमानतळावर आधी ती ताब्यात घ्या, मग चेक-इन. मुलाचं सुइका कार्ड परत करू नका. तो १२ वर्षांचा झाल्यानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत ते चालतं, आणि त्यावर त्याचं नाव जपानी लिपीत छापलेलं असतं.