डिझायनिंगची नोकरी सोडून फ्रीलान्स सुरू करताय? या चुका टाळा

एजन्सीत पाच-सहा वर्षं काढलेला डिझायनर किंवा इलस्ट्रेटर स्वतंत्र व्हायला निघतो, तेव्हा त्याच्या हातात काही कमी नसतं. रेषा तयार असते, सॉफ्टवेअर तोंडपाठ असतं, डेडलाइनची सवय असते. अडतं ते चित्राबाहेरच्या कामांत. ऑफिसात क्लायंटचं ऐकून घ्यायला सर्व्हिसिंगची माणसं होती, बिलाच्या मागे अकाउंट्सवाले लागत होते, करार कुणीतरी वाचत होतं. राजीनामा दिला की ही सगळी माणसं सुटतात आणि त्यांची कामं तुमच्या टेबलावर येतात. पुण्या-मुंबईतली जी मुलं-मुली या विषयावर माझ्याशी बोलायला येतात, त्यांच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच सापडतं. म्हणून चुका ओळीने नाही, तर जिथे जास्त नुकसान होतं तिथे जास्त थांबून सांगतो.

राजीनाम्याची तारीख विचार न करता ठरवणं

कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी सलग ५ वर्षांची सेवा लागते. साडेचार वर्षं झालेली असताना बॉसशी वाजलं म्हणून तडकाफडकी निघू नका. थोडं थांबलात तर दर वर्षामागे साधारण १५ दिवसांचा पगार हातात येतो. पीएफही लगेच काढू नका. सलग ५ वर्षं पुरी होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागतो.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम सहसा नोकरीबरोबरच संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि तसं गेलं तर आधी काढलेला प्रतीक्षा काळ (काही आजारांवर विमा लागू होण्याआधी थांबावं लागतं तो) धरला जातो. पण त्यासाठीचा अर्ज नोटीस पीरियडमध्येच एचआरकडून मार्गी लावा. घरात आई-वडील त्याच पॉलिसीवर असतील तर हे काम सगळ्यात आधी. घरासाठी कर्ज घ्यायचं मनात असेल तर तेही पगार चालू असताना बघा, कारण स्वतंत्र व्यावसायिकाकडे बँका साधारणपणे दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागतात.

आणि एक बारीक गोष्ट. पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जायचे, तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकालाही वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात, त्यासाठी स्वतःची नोंदणी करावी लागते. बरेच जण हे विसरतात आणि मग व्याज-दंडासकट भरतात.

ऑफिसचं काम आपलंच समजून पोर्टफोलिओत टाकणं

नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या चित्राच्या कॉपीराइटची पहिली मालक कंपनी असते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. तेव्हा बाहेर पडताना कुठली कामं दाखवली तर चालतील याची परवानगी ईमेलवर मागून घ्या. चांगल्या संबंधात निघालात तर बहुतेक जण देतात. न छापलेली, नाकारली गेलेली पिचची (काम मिळवण्यासाठी क्लायंटला दाखवलेली) कामं मात्र हात लावू नयेत अशी; त्यांत क्लायंटची गुपितं असतात.

‘दोन वर्षं या क्षेत्रात काम करणार नाही’ असं कलम अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघून घाबरलेले लोक मला भेटतात. नोकरी संपल्यानंतर पोट भरायलाच मनाई करणारी अट भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते. एजन्सीचा क्लायंट ओढून नेण्यावरून भांडण उकरून काढू नका. तसं केलंत तर जुनी एजन्सी तुम्हाला काम देणार नाही, आणि पहिल्या वर्षी सगळ्यात भरवशाचं काम बहुधा तीच देत असते.

पगाराला दिवसांनी भागून दर काढणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. समजा पगार ६०,००० होता. २२ दिवसांनी भागलं, २,७०० रुपये रोज आले, तोच दर सांगितला. ऐकायला सरळ वाटतं. आता खरा हिशेब मांडू. घरखर्च ४५,०००. सॉफ्टवेअर, इंटरनेट, वीज, दोन-तीन वर्षांनी बदलायचं मशीन आणि टॅबलेट यांचे महिन्याचे १२,०००. विमा, कर आणि बचत मिळून २३,०००. झाले ८०,०००. आणि महिन्यातले २२ दिवस तुम्ही चित्रं काढणार नाही आहात. कोटेशन, मीटिंग, फोन, बिलं, प्रेसमध्ये फेरी, नवं काम मिळवणं यात निम्मे दिवस जातात. ज्यांचे पैसे मिळतात असे दिवस ११ धरा. ८०,००० भागिले ११, म्हणजे जवळपास ७,३०० रुपये रोज. २,७०० आणि ७,३०० यांतला फरक जो भरून काढत नाही, तो रात्री जागून, तब्येतीतून भरत राहतो.

आता हाच दर एका मुखपृष्ठाला लावून बघा. हस्तलिखित वाचायला अर्धा दिवस, तीन रफ (कच्ची चित्रं) काढायला एक, फायनलला दोन, बदलांना अर्धा. चार दिवस, म्हणजे २९,००० च्या वर. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या किती प्रकाशकांना हे परवडेल? फार थोड्यांना, आणि त्यात त्यांची लबाडी नाही. मराठी पुस्तकांच्या आवृत्त्याच लहान असतात. इथे नव्या लोकांकडून एक तर काम नाकारलं जातं, नाही तर दर पाडून सगळं दिलं जातं. तिसरी वाट आहे. पैसे कमी असतील तर काम आणि हक्कही कमी द्या. तीनऐवजी एकच रफ, बदलाची एकच फेरी, वापर फक्त पहिल्या मराठी छापील आवृत्तीपुरता, आत ठळक श्रेयनाम, मूळ चित्र तुमच्याकडे. मला मुखपृष्ठांचं काम फार प्रिय आहे आणि ते तरुण चित्रकारांनी करावंच असं वाटतं, पण डोळे उघडे ठेवून.

व्हॉट्सॲपवरच्या ‘ओके’ वर काम सुरू करणं

‘सर छान झालंय, फक्त लोगो जरा मोठा आणि अजून एक ऑप्शन पाठवा ना.’ हा निरोप ऑफिसात सर्व्हिसिंगवाल्यापर्यंत येऊन तिथेच चाळला जायचा. आता तो रात्री साडेदहाला थेट तुमच्याकडे येतो. काम हाती घेण्याआधी एक छोटा ईमेल गेला असेल तर या निरोपाला शांतपणे उत्तर देता येतं. वकिली भाषेची गरज नाही. असं लिहा:

‘एका मुखपृष्ठासाठी तीन रफ देईन. निवडलेल्या रफवर फायनल, त्यात दोन वेळा बदल धरले आहेत. पुढच्या प्रत्येक फेरीचे वेगळे पैसे होतील. रफ मंजूर झाल्यावर विषय बदलला तर ते नवं काम धरलं जाईल. ५० टक्के आगाऊ, उरलेले फायनल फाइल देण्याआधी. वापर मराठी छापील आवृत्तीसाठी. ई-बुक, इतर भाषा, जाहिरात, कॅलेंडर किंवा टी-शर्टसाठी वेगळं बोलू. ओपन फाइल (बदल करता येईल अशी मूळ फाइल) यात धरलेली नाही. मान्य असल्यास याच ईमेलला उत्तर द्यावं.’

वापराचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण कायदा इथे चित्रकाराला दोन्ही बाजूंनी वागवतो. पैसे देऊन सांगून करून घेतलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल आणि उलट करार नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार त्याच्या कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे ‘काही लिहिलं नव्हतं म्हणजे हक्क माझेच’ हा भरवसा धोक्याचा. दुसरीकडे हक्क लिहून देताना, कलम १९ प्रमाणे, मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणून कॉर्पोरेट करारांत ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे शब्द हमखास असतात. ते दिसले की सही करण्याआधी त्याची किंमत मागा. आणि हक्क दिल्यावरही, आपण कर्ते आहोत हे सांगण्याचा आणि आपल्या नावाला बट्टा लागेल अशी चित्राची मोडतोड अडवण्याचा अधिकार कलम ५७ मुळे तुमच्याकडे राहतो.

पैसे अडकल्यावर फक्त फोन करत राहणं

‘पुढच्या आठवड्यात नक्की’ हे वाक्य दोनदा ऐकलं की फोन थांबवा आणि कागदावर या. त्यासाठी आधीची तयारी लागते: उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची (एमएसएमई) सरकारी नोंदणी. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट असते, कुणा एजंटला पैसे देऊ नका. ही नोंदणी काम घेण्याआधी करा, पैसे बुडाल्यावर नाही. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

२००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या तारखेला, आणि करार काहीही असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. तारीख ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तरीही ऐकलं नाही तर अशा थकीत बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. पण बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही. एप्रिल २०२४ पासून आयकरात अशी तरतूद लागू आहे की मुदतीत न दिलेल्या अशा बिलाची वजावट कंपनीला प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळते. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपनीच्या अकाउंट्सला एक ईमेल पाठवा: बिल क्रमांक, तारीख, उद्यम क्रमांक, आणि किती दिवस उलटले ते. मार्केटिंगच्या माणसाला केलेल्या फोनपेक्षा या ईमेलचा उपयोग जास्त होतो.

करांविषयी ऐकीव माहितीवर चालणं

सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही. परदेशी क्लायंटचं काम निर्यात धरलं जातं आणि त्यावर शून्य दर असतो, पण नोंदणी असेल तर दरवर्षी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) भरायला विसरू नका.

कंपन्या बिलातून टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापतात, बहुधा १० टक्के. तो आपल्या पॅनवर जमा झाला का हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तपासा. कापून न भरणारेही असतात. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघत असेल तर आगाऊ कर लागतो, हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला.

‘निम्मं उत्पन्न नफा दाखवा, वह्या ठेवायची गरज नाही’ हा सल्ला १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४४एडीए कलमाचं नाव घेऊन सर्रास दिला जातो; ते कलम ठरावीक व्यवसायांच्या यादीलाच ही सवलत देतं. त्या यादीत इंटिरिअर डेकोरेशन नावाने आहे, ग्राफिक डिझाइन किंवा इलस्ट्रेशन नाही. तुमच्या कामाला ती योजना लागू होते का हे सीएला विचारा. यूट्यूबला नको.

मशीन आणि फॉन्ट

ऑफिसच्या मशीनवरचे फॉन्ट पेनड्राइव्हवर घेऊन निघू नका, त्यांचं लायसन्स ऑफिसचं असतं. देवनागरीत आता मोकळ्या परवान्याची चांगली अक्षरं आहेत. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेची मुक्त आणि बालू व्यावसायिक कामालाही चालतात. क्लायंट श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या पद्धतीतला मजकूर पाठवेल, तो युनिकोडमध्ये बदलल्यावर ‘दुसऱ्या’, ‘पुढाऱ्यांना’, ‘कर्ज’ असे शब्द आधी तपासा. ऱ्य आणि रफार तिथेच तुटतात. इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं फुटली तर पॅराग्राफ कंपोझर वर्ल्ड-रेडी केला आहे ना ते बघा. प्रूफवर लेखकाची सही घेतल्याशिवाय फाइल प्रेसला सोडू नका.

दिवाळी अंकांच्या हंगामावर वर्ष बेतणं

१९०९ पासून चालत आलेली दिवाळी अंकांची परंपरा मराठी चित्रकाराला जे देते ते दुसऱ्या कुठल्या भाषेत सहज मिळत नाही. दीनानाथ दलालांसारख्या चित्रकाराची चित्रं घरोघरी पोचली ती याच अंकांमधून. कथाचित्रं, मुखपृष्ठ, व्यंगचित्रांच्या चौकटी, सगळं पावसाळ्यात एकदम अंगावर येतं. पण अंकाचा पैसा जाहिरातींवर चालतो. जाहिरातदार पैसे उशिरा देतो, मग संपादक तुम्हाला उशिरा देतो. जुलैमध्ये केलेल्या कामाचं मानधन डिसेंबरच्या पुढे गेलं तरी नवल नाही. म्हणून त्याच महिन्यांत दरमहा ठरावीक पैसे देणारं एखादं काम हाताशी ठेवा, मग ते शाळेच्या पुस्तकांचं असो की एखाद्या कंपनीच्या सोशल मीडियाचं. कथा हातात आली की संपादकांशी मानधनाचा आकडा आणि तारीख दोन्ही बोलून घ्या, आणि चित्र पुन्हा दुसरीकडे छापायचं झालं तर विचारावं लागेल हेही तेव्हाच. अंक निघाल्यावर दोन प्रती मागून घ्या. पुढच्या संपादकाला दाखवायला छापील पानच लागतं.